अटॅकनंतर बीपी उतरलं, गेलं नाही

पत्र:
डॉक्टर, नमस्कार. आम्ही वाळवा तालुक्यातले. माझे वडील, अप्पा, ६१ वर्षांचे; ऊसशेती आहे. नऊ वर्षांपासून बीपी, पण गोळी डोकं दुखलं तरच घ्यायचे. फेब्रुवारीत पहाटे पाणी पाजायला गेले असताना छातीत कळ आली. गावाजवळच्या दवाखान्यात नेलं तेव्हा बीपी १७६/१०४ होतं. तिथले डॉक्टर म्हणाले, "प्रेशर चांगलं आहे, ही जमेची बाजू." पुढे शहरात अँजिओप्लास्टी झाली, समोरच्या मोठ्या नळीत एक स्टेंट बसवला. इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग ३८ टक्के आलं. घरी आल्यापासून बीपी १०४/६६ च्या आसपास असतं. अप्पा म्हणतात, "अटॅकनं बीपी काढून नेलं, आता गोळ्या कशाला?" शेजारीपाजारीही तेच सांगतात, की गोळ्यांनी बीपी आणखी लो होईल. उठताना त्यांना अंधारी येते. आई मात्र भीतीपोटी सगळ्या गोळ्या देतेच, शिवाय रात्री जुनी बीपीची गोळीसुद्धा. गुडघे दुखले की मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणतात. भाऊ विचारतो, बीपी जास्त असणं ही जमेची बाजू होती, तर मग ते वाईट कसं? आणि अप्पांना आषाढीला वारीला जायचं आहे. काय करावं? — एक मुलगी

उत्तर:
ताई, तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: "शिवाय रात्री जुनी बीपीची गोळीसुद्धा." बाकीचं उत्तर सावकाश वाचा, पण हे काम आजच करा. डिस्चार्ज कार्ड काढा आणि आई देतात त्या प्रत्येक पाकिटावरचं औषधाचं नाव कार्डाशी ताडून पाहा. कंपनीनं दिलेलं मोठ्या अक्षरातलं नाव नको, त्याखाली बारीक अक्षरात छापलेलं औषधाचं नाव बघा. जुनी गोळी कार्डावर नसेल तर आज रात्रीच्या आत हृदयाच्या डॉक्टरांना फोन करून विचारा की ती द्यायची का. अटॅकनंतर पुष्कळदा जुनी गोळी मुद्दाम काढलेली असते, कारण तिच्या जागी दुसऱ्या आलेल्या असतात. पण "ती बंद करा" एवढं सांगायचं गडबडीत राहून जातं. कधी तर जुनी आणि नवी एकाच औषधाच्या निघतात, फक्त पाकिटं वेगळी. अप्पांना उठताना येणारी अंधारी यातूनच येत असावी अशी मला दाट शंका आहे. आईंना मात्र बोल लावू नका. नऊ वर्षं अप्पांनी जी गोळी टाळली, तीच त्या आता जीव मुठीत धरून देताहेत.

आता अप्पांच्या म्हणण्याकडे येते. अटॅकनं बीपी काढून नेलं, हे मी माझ्या ओपीडीत कितीतरी वेळा ऐकलं आहे. ज्याचं बीपी वर्षानुवर्षं १६०-१७० असायचं, त्याला महिनाभर १०४ दिसत असेल तर आजार गेला असं वाटणारच. पण हा आकडा कशामुळे खाली आला, ते बघायला हवं.

अप्पांना त्यांच्याच विहिरीवरच्या मोटारीचं उदाहरण द्या. मोटार कमजोर झाली तर शेवटच्या सरीपर्यंत पाणी दाबानं पोचत नाही. तेव्हा पाइपात साचलेला गाळ निघून गेला असं कुणी म्हणत नाही. मोटारीची ताकद उतरली, एवढंच आपण ओळखतो. बीपीचंही तसंच. तो आकडा दोन गोष्टींवर ठरतो: हृदय किती जोरानं रक्त ढकलतं आणि रक्तवाहिन्या किती आवळलेल्या आहेत. अप्पांच्या हृदयाचा समोरचा भाग अटॅकमध्ये दुखावला. पंपिंग म्हणजे हृदयात भरलेल्या रक्तातलं किती टक्के एका ठोक्यात बाहेर ढकललं जातं; निरोगी माणसात ते ५५ टक्क्यांच्या वर असतं, त्यांचं ३८ आहे. जोर कमी झाला, म्हणून दाबही कमी दिसतो. त्यात नव्या गोळ्यांनी रक्तवाहिन्या सैल केल्या आहेत, आणि कदाचित जुनी गोळी त्यात भर घालते आहे. नऊ वर्षांत रक्तवाहिन्यांचं जे झालं ते आत जसंच्या तसं आहे.

यात एक चांगली गोष्टही आहे. अटॅकमध्ये हृदयाचा सगळाच दुखावलेला भाग मरत नाही. काही स्नायू नुसता बधिर झालेला असतो, आणि बंद नळी उघडून दिली की काही आठवड्यांत तो पुन्हा हलू लागतो. म्हणूनच साधारण दीड ते तीन महिन्यांनी पुन्हा इको करतात. पंपिंग सुधारलं की पुष्कळांचं बीपीही हळूहळू वर चढतं. त्या वेळी घरातल्यांना वाटतं, गोळ्या चालू असूनही बीपी पुन्हा कसं आलं? ते परत आलेलं नसतं, ते तिथेच होतं. तेव्हा आता आकडा कमी आहे म्हणून बीपी मोजणं बंद करू नका.

भावाचा प्रश्न मला फार आवडला. त्या डॉक्टरांनी चूक सांगितलं नव्हतं. अटॅक चालू असतानाचा, पहिल्या काही तासांतला आकडा वेगळी गोष्ट सांगतो. त्या वेळी बीपी १७६ आहे याचा अर्थ हृदय अजून जोरानं ढकलतं आहे. ज्याला अटॅकमध्ये घाम फुटलाय, हातपाय गार पडलेत आणि वरचं बीपी ९० च्या खाली आहे, त्याच्या हृदयाचा मोठा भाग बंद पडलेला असण्याची भीती असते, आणि तशा रोग्यांत मृत्यूचं प्रमाण सगळ्यात जास्त असतं. अटॅकच्या रोग्याचा धोका मोजायची 'ग्रेस' नावाची गुणपद्धत जगभर वापरतात. तिच्यात दाखल होतानाचं वरचं बीपी जितकं कमी, तितके धोक्याचे गुण जास्त मिळतात. छातीत दुखतं म्हणून अतिदक्षता विभागात आलेल्या एक लाखाहून जास्त रोग्यांच्या स्वीडनमधल्या नोंदी २०१० मध्ये प्रसिद्ध झाल्या. दाखल होताना ज्यांचं वरचं बीपी जास्त होतं, त्यांच्यात पुढच्या वर्षभरातले मृत्यू कमी होते, असंच त्यांतही दिसलं.

पण भावाला याची दुसरी बाजूही सांगा. आपल्या तालुक्यांत सगळीकडे अँजिओप्लास्टीची सोय नाही. जिथे ती नाही, तिथे नळीतली रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन हाच पहिला आधार असतो. बीपी १८०/११० च्या वर असेल तर ते इंजेक्शन देताना डॉक्टरांना थांबून विचार करावा लागतो, कारण मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. आधी बीपी खाली आणायचं आणि मग इंजेक्शन, यात जो वेळ जातो, त्या वेळात हृदयाचा स्नायू मरत असतो. अप्पा त्या रेषेच्या अगदी जवळ होते. १७६ ला जमेची बाजू म्हणताना हेही लक्षात ठेवायला हवं.

आणि ती जमेची बाजू त्या दिवसापुरतीच. वर्षांचा हिशेब उलटा आहे. सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला मी हे तालमीच्या भाषेत सांगते. दंड-बैठका काढून कमावलेला स्नायू ताकदीचा असतो. बीपीनं कमावलेला हृदयाचा स्नायू तसा नसतो. सतत जास्त दाबाविरुद्ध रक्त ढकलून डाव्या कप्प्याची भिंत जाड होते, पण त्याबरोबर ती ताठही होते. जाड भिंतीला रक्त जास्त लागतं, आणि ते पुरवणाऱ्या नळ्या त्याच बीपीनं आतून खराब झालेल्या असतात. अशा हृदयाला अटॅक आला की नुकसान जास्त जाणवतं. पुढे मेलेल्या भागाचा व्रण तयार होतो. तो ताणला जाऊ नये, एवढंच आपल्याला हवं असतं. पण समोर दाब जास्त असेल तर तो भाग फुगत जातो, उरलेला चांगला स्नायू दुप्पट राबतो आणि महिन्यामहिन्यानं हृदय आकारानं वाढत जातं. दम लागणं, पायांना सूज, रात्री उशीवर उशी रचून झोपावं लागणं हे सगळं तिथून सुरू होतं.

अमेरिकेत फ्रेमिंगहॅम नावाच्या गावातल्या लोकांवर १९४८ पासून पिढ्यानपिढ्या नजर ठेवली गेली. हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदय थकून रक्त पुरेसं न ढकलणं, झालेल्या बहुतेकांना आधीपासून बीपी होतं, हे तिथेच ठळकपणे समोर आलं. ज्यांना अटॅकच्या आधीपासून बीपी असतं, त्यांच्यात अटॅकनंतर हार्ट फेल्युअर, दुसरा अटॅक आणि लकवा या तिन्ही गोष्टी जास्त दिसतात. आधीच्या नऊ वर्षांबद्दल आता काही करता येत नाही, आणि त्यावरून अप्पांना रोज ऐकवण्यातही अर्थ नाही. पुढची वर्षं हातात आहेत.

म्हणून या गोळ्या. यांना "बीपीच्या गोळ्या" म्हणतात, तिथेच सगळा घोळ होतो. डिस्चार्ज कार्डावर बहुधा नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' असलेली एक गोळी असेल, 'लोल' असलेली एक असेल, आणि पंपिंग ३८ असल्यामुळे कदाचित स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोनही असेल. या बीपी उतरवतात हे खरं, पण अप्पांना त्या बीपीसाठी दिलेल्या नाहीत. तो व्रण ताणला जाऊ नये, हृदय फुगू नये, ठोके बिघडू नयेत यासाठी दिल्या आहेत.

याचा पुरावा जुना आणि भक्कम आहे. 'सेव्ह' नावाच्या चाचणीचे निष्कर्ष १९९२ साली आले. अटॅकनंतर पंपिंग ४० टक्के किंवा त्याहून कमी झालेले २,२३१ लोक त्यात होते. त्यांना बीपी आहे म्हणून निवडलं नव्हतं, पंप कमजोर आहे म्हणून निवडलं होतं. म्हणजे अगदी अप्पांसारखे. निम्म्यांना कॅप्टोप्रिल दिलं, निम्म्यांना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी. सरासरी साडेतीन वर्षांनी पाहिलं, तर औषध नसलेल्या गटात शंभरातले २५ दगावले होते आणि कॅप्टोप्रिलच्या गटात २०. शंभरामागे पाच माणसं वाचली, तीही एका साध्या गोळीनं. (या औषधाचा शोध ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषाचा अभ्यास करताना लागला. हे अप्पांना सांगा. माझ्या अनुभवात शेतकऱ्यांना ही गोष्ट लक्षात राहते आणि गोळीही.) आज कॅप्टोप्रिलऐवजी त्याच घराण्यातलं रामिप्रिल वगैरे जास्त देतात. त्यानं कोरडा खोकला सुरू झाला तर सहन करत बसू नका आणि परस्पर बंदही करू नका. डॉक्टर 'सार्टन' घराण्यातली गोळी देतात, खोकला थांबतो.

'लोल' गोळीबद्दल अलीकडे तुम्ही उलटसुलट वाचाल. अटॅकनंतर ज्यांचं पंपिंग चांगलं राहिलं आहे, त्यांना ती खरंच लागते का, यावर गेल्या दोन-तीन वर्षांत मोठ्या चाचण्या झाल्या आणि त्यांचे निकाल एकसारखे आले नाहीत. पण ती चर्चा चांगल्या पंपिंगवाल्यांची आहे. ३८ टक्क्यांच्या अप्पांना ती लागू नाही. शिवाय ही गोळी अचानक सोडली तर ठोके एकदम वाढतात आणि छातीत पुन्हा दुखू शकतं. कुणी मोबाइलवर काही दाखवलं म्हणून ती थांबवू नका.

मग १०४ चालतं का? अंधारी येत नसेल, लघवी नीट होत असेल, हातपाय उबदार असतील, माणूस नीट बोलत-चालत असेल, तर कमजोर पंपाच्या माणसाला १०० च्या आसपासचं बीपी आम्ही चालवून घेतो. पण अप्पांना अंधारी येते, म्हणून शहानिशा हवी. पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या. मग उभं करून एका मिनिटानं आणि तिसऱ्या मिनिटानं पुन्हा घ्या. शेजारी कुणीतरी धरायला असू द्या. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला तर तिन्ही आकडे लिहून डॉक्टरांना कळवा. त्यांच्याकडे बरेच मार्ग असतात: सगळ्या गोळ्या सकाळी एकदम न देता विभागून देणं, लघवीची गोळी असेल तर ती कमी करणं, अम्लोडिपिनसारखी नुसतं बीपी उतरवणारी गोळी आधी काढणं. हृदय वाचवणाऱ्या गोळ्यांना हात सगळ्यात शेवटी लावतात. शेजारीपाजारी नेमकं याच्या उलट करायला सांगतात. अप्पांनी मात्र अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळावं, काठावर मिनिटभर पाय सोडून बसावं आणि मगच उभं राहावं.

शेजाऱ्यांच्या भीतीत तथ्य अजिबात नाही असं नाही. हृदयाला स्वतःचं रक्त मिळतं ते हृदय सैल पडतं त्या क्षणी, म्हणजे खालच्या बीपीच्या वेळी. खालचा आकडा फार घसरला तर अरुंद नळ्यांतून हृदयालाच रक्त कमी पडतं. 'क्लॅरिफाय' नावाच्या नोंदवहीत हृदयाच्या नळ्यांचा आजार आणि बीपी असलेल्या २२,६७२ लोकांची माहिती होती. ती २०१६ मध्ये छापली गेली. उपचार घेताना ज्यांचं बीपी १४०/८० किंवा त्याहून वर राहिलं, त्यांना त्रास जास्त झालाच, पण ज्यांचं १२०/७० च्या खाली गेलं त्यांनाही जास्त झाला. अर्थात यातल्या काहींचं बीपी आधीच हृदय थकल्यामुळे कमी होतं. म्हणून उतरेल तेवढं उतरवत जाणं हे आमचं ध्येय नसतं. अप्पांचं पंपिंग सुधारून बीपी वर आलं, तर ते १३०/८० च्या आत राखायचं, एवढं धरून चाला. नेमका आकडा त्यांचे डॉक्टर ठरवतील.

घरी मोजताना मशीन दंडावर पट्टा बांधायचं घ्या, मनगटाचं नको. चहा किंवा तंबाखूनंतर अर्धा तास थांबा, लघवीला जाऊन या, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसवा, हात छातीच्या उंचीला ठेवा. मिनिटभराच्या अंतरानं दोनदा घ्या, वहीत लिहा. दिवसातून दहा वेळा मोजू नका, त्यानं धास्तीच वाढते. आणि तंबाखू. पत्रात तुम्ही लिहिलं नाहीत, पण अप्पांच्या वयाच्या शेतकऱ्याला हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. मळून खाल्लेली तंबाखूही निकोटिनच देते आणि ठोके नि बीपी दोन्ही वाढवते.

गुडघ्याच्या गोळीबद्दल मी कळकळीनं सांगते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक या घराण्यातल्या गोळ्या शरीरात मीठ-पाणी अडवतात, बीपी चढवतात, 'प्रिल' गोळीसोबत मूत्रपिंडाला त्रास देतात, आणि रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चालू असताना पोटात रक्तस्राव घडवू शकतात. अटॅक येऊन गेलेल्यांत त्यांनी दुसऱ्या अटॅकचा धोका वाढतो. मेडिकलवाल्याला सांगून ठेवा, अप्पांना स्टेंट आहे, दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय देऊ नका. गुडघ्यासाठी शेक, व्यायाम आणि गरज पडली तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं पॅरासिटामॉल.

मीठ दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, तेही पापड-लोणच्यातलं धरून. सैंधव मीठ चालतं असं खूप जण मानतात; त्यातही सोडियमच असतं. 'लो सोडियम' म्हणून मिळणारं मीठ मात्र विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम घातलेलं असतं, आणि अप्पांच्या गोळ्यांसोबत ते रक्तात धोकादायक वाढू शकतं.

अजून एक जुनी सवय गावोगाव टिकून आहे: बीपी वाढलं की कॅप्सूल फोडून जिभेखाली निफेडिपिन टाकायचं. ते कधीच करू नका, कुणी करू लागलं तर थांबवा. बीपी धाडकन कोसळतं आणि त्यानं अटॅक किंवा लकवा येऊ शकतो. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट वेगळी. तीसुद्धा बसूनच ठेवायची, उभ्यानं नाही, आणि वरचं बीपी ९० च्या खाली असेल तर ठेवायचीच नाही. पाच मिनिटांत दुखणं थांबलं नाही तर १०८ ला फोन. वरचं बीपी ९० च्या खाली आणि घाम, गार हातपाय किंवा असंबद्ध बडबड, झोपल्यावर दम, तीन दिवसांत दोन किलो वजन वाढणं, काळी डांबरासारखी शौच, यांतलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. काळ्या शौचेबरोबर बीपी उतरलं असेल तर आत रक्तस्राव होत असू शकतो. ते गोळ्यांमुळे लो झालं असं समजून घरी बसू नका.

राहिली वारी. अप्पांची ओढ मला कळते. या वर्षी आळंदीपासून पूर्ण वाट चालत जायला मी हो म्हणणार नाही. अटॅकला पाच महिने झालेले असतील, पंप कितपत सावरला ते अजून ठरायचं आहे, आणि सुमारे अडीचशे किलोमीटरच्या वाटेत दिवे घाटासारखी चढण आहे. त्यात ऊन, घाम आणि एखाद्या दिवशीचे जुलाब. अंगातलं पाणी कमी झालं की याच गोळ्यांनी बीपी झपकन उतरतं आणि मूत्रपिंडाला इजा होते. मे महिन्यात इको करून घ्या आणि डॉक्टरांना थेट विचारा, "वारीत किती चालू?" ते चालण्याची चाचणी करून सांगतील. तोवर घरापासून रोज सपाट रस्त्यानं दहा मिनिटं, मग पंधरा, मग वीस, बोलता येईल इतक्या वेगानं. चाचणी चांगली आली आणि डॉक्टर हो म्हणाले, तर अप्पांना गाडीनं वाखरीला न्या आणि तिथून शेवटचा टप्पा सोबत कुणाला घेऊन चालू द्या. पिशवीत सगळ्या गोळ्या, डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स आणि पाण्याची बाटली असू द्या. वाटेत जुलाब किंवा उलट्या झाल्या तर कोणती गोळी एक-दोन दिवस थांबवायची, हे निघण्याआधी डॉक्टरांकडून त्या झेरॉक्सवरच लिहून घ्या.